फेडरेशन, फेडरेशन म्हणतो ते नक्की कोण? मोहन्यातून मांडलेला थोडा जुना हिशेब

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगतो. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर वाचा. उभे असाल तर घरी जाऊन वाचा.

गेल्या काही महिन्यांत आपल्या ग्रुपवर फुटबॉलचा विषय निघाला की दुसरी-तिसरी कमेंट ठरलेली असते, फेडरेशनच्या नावाने शिवी. मीही घातल्यात. पण परवा एका पोराने साधा प्रश्न विचारला, "दादा, फेडरेशन म्हणजे सरकारच ना? मग आमदार-खासदाराला पत्र लिहू." उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की दोन ओळींत हे सांगता येत नाही. थेट १९३७ पर्यंत मागे जावं लागतं.

आधी ताजी जखम. ११ जुलै २०२५ ला इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं की यंदाचा हंगाम थांबवतोय. कारण काय, तर फेडरेशन आणि ती कंपनी यांच्यातला २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. हंगाम अर्ध्यावर असताना करार संपणार, मग हंगाम सुरू कोण करणार? ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार थांबवले. फेडरेशनने ऑक्टोबरमध्ये नवीन निविदा काढली. वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा उत्पन्नाच्या पाच टक्के, असा काहीसा हिशेब होता. ७ नोव्हेंबरची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही नाही! ८ डिसेंबरला जुना करारही संपला. २६ डिसेंबरला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. मँचेस्टर सिटीचे मालक आपल्या शहरातल्या क्लबाचेही मालक आहेत, हे आपण सहा वर्षं छाती फुगवून सांगत होतो. ते संपलं.

नवीन वर्षाच्या सुरुवातीला भारताच्या खेळाडूंनी व्हिडिओ काढून थेट फिफाला साकडं घातलं, आमची लीग वाचवा म्हणून. मग ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून लीग होणार, १४ क्लब, ९१ सामने. मागच्या हंगामापेक्षा बरीच छोटी लीग. आणि ही घोषणा मंत्र्यांनी केली. त्यामुळे त्या पोराचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नव्हता.

पण फेडरेशन म्हणजे सरकार नाही. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन ही संघटनांची संघटना आहे. तिचे सभासद तुम्ही-मी नाही, क्लब नाहीत, खेळाडूही नव्हते. सभासद म्हणजे राज्य संघटना. आपल्याकडची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, कूपरेजवाली, १९११ सालची. राज्य संघटनेखाली जिल्हा संघटना. अध्यक्ष निवडतात राज्य संघटना. हे लक्षात ठेवा, पुढे ३३ विरुद्ध १ येणार आहे तेव्हा लागेल.

फेडरेशनचा जन्मच भांडणातून झाला. तीसच्या दशकात कलकत्त्याची इंडियन फुटबॉल असोसिएशन स्वतःलाच देशाची संघटना समजायची. बाकीच्या प्रांतांना ते मान्य नव्हतं, त्यांनी वेगळी चूल मांडली. शेवटी लष्कराच्या लोकांनी मध्ये पडून समेट घडवला आणि २३ जून १९३७ ला सिमल्याला, लष्कराच्या मुख्यालयात, फेडरेशन स्थापन झालं. १९४८ ला फिफाचं सभासदत्व मिळालं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा प्रांतांमधला तह होता. कोणाचे किती प्रतिनिधी, कोणाला किती मान, स्पर्धा कुठे. या मांडणीत प्रेक्षक कुठेच नव्हता. त्याने तिकीट काढायचं आणि ओरडायचं.

१९५० च्या वर्ल्ड कपची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. भारत पात्र ठरला पण अनवाणी खेळायला फिफाने परवानगी दिली नाही म्हणून गेला नाही. ही गोष्ट शाळेत मास्तरांनी सांगितली, आपण पोरांना सांगितली. ती खरी नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली बहुतेक पोरं अनवाणीच खेळली होती, फ्रान्सशी २-१ ने हरली, दोन पेनल्टी वाया घालवून. १९५० ला गटातले बाकीचे देश माघारले म्हणून आपल्याला जागा मिळाली, आणि फेडरेशनने संघ पाठवला नाही. बोटीचा लांब प्रवास, परकीय चलन, तयारीला वेळ नाही, अशी कारणं दिली गेली. पण मुळात फेडरेशनच्या लेखी ऑलिंपिक मोठं होतं, वर्ल्ड कप म्हणजे काय हे त्यांना तेव्हा कळलंच नव्हतं. शैलेन मन्ना, त्या संघाचे कर्णधार झाले असते, त्यांनी पुढे हेच सांगितलं. बुटांचा नियम आपल्या फेडरेशनने नंतर केला, १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दहा गोल घातल्यावर. मला गंमत वाटते ती याची की अनवाणी पायांची गोष्ट सत्तर वर्षं टिकली. खेळाडूंच्या गरिबीवर ढकललं की कार्यालयातल्या लोकांना कोणी विचारत नाही.

त्या काळात खेळ मात्र जोरात होता. १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण, आणि मध्ये १९५६ ची मेलबर्न ऑलिंपिक, चौथा नंबर. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं तेव्हा नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू, आणि तो मूळचा गोव्याचा असला तरी खेळायचा मुंबईत, टाटा आणि कॅल्टेक्सकडून.

इथे जरा थांबतो, कारण आपल्या पट्ट्याचा खरा विषय हा आहे. मुंबईचं फुटबॉल कंपन्यांचं होतं. रोव्हर्स कप १८९१ पासून व्हायचा. सुरुवातीला गोऱ्या पलटणी, मग बेंगळुरू मुस्लिम, मग १९५० ते ५४ सलग पाच वर्षं हैदराबाद पोलीस. १९५८ ला तो कॅल्टेक्सने जिंकला, एका तेल कंपनीच्या संघाने. पुढे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, रेल्वे, बँका, एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्रा. फुटबॉल खेळता येतं म्हणजे नोकरी लागते, हे गणित होतं. कामगाराच्या पोराला याहून साधं गणित दुसरं नाही. कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या, उल्हासनगरच्या, आपल्या एनआरसी कॉलनीतल्या बापांनी पोरांना खेळू दिलं ते काही वर्ल्ड कपच्या आशेने नाही. खेळाच्या कोट्यातून कुठेतरी चिकटेल, क्वार्टर मिळेल, पास मिळेल, या आशेने. महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी चार वेळा जिंकली, त्यातली पहिली १९५४ साली बॉम्बे नावाने. ते संघ अशाच नोकरदार पोरांचे होते.

रोव्हर्स कप २००१ च्या सुमाराला शेवटचा झाला. देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक, शंभर वर्षांहून जास्त चाललेली, आणि ती बंद झाली तेव्हा ओरडाही झाला नाही. पंचवीस वर्षं झाली. सांभाळायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ती परत उभी केली नाही.

आता माणसांकडे येतो. १९८८ ते २००८ फेडरेशनचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी. वीस वर्षं. काँग्रेसचे नेते, केंद्रीय मंत्री. २००८ मध्ये ते आजारी पडल्यावर प्रफुल्ल पटेल आले, आपल्या गोंदियाचे, तेही केंद्रीय मंत्री. ते २०२२ पर्यंत. म्हणजे चौतीस वर्षांत दोन अध्यक्ष, दोघेही राजकारणी. दोघांच्या नावावर चांगल्या गोष्टीही आहेत, त्या नाकारत नाही. १९९६ ला नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली ती दासमुन्शींच्या काळात. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात आला तो पटेलांच्या काळात. तो बघायला नेरुळला डी. वाय. पाटीलवर मी तीनदा गेलो. ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर पकडायची, इतकं सोपं. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपल्या भाषेत बोलणारा पोरगा वर्ल्ड कपमध्ये, याचा आनंद कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण डिसेंबर २०१० ला तो करार झाला. पंधरा वर्षं, सातशे कोटी, व्यावसायिक हक्क खाजगी कंपनीकडे. फेडरेशनला वर्षाला सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस कोटी घरबसल्या मिळायला लागले. मी या कराराच्या मुळात विरोधात नाही. २०१४ ला सुपर लीग आली तेव्हा टीव्हीवर पहिल्यांदा भारतीय फुटबॉल बघण्यासारखं दिसलं. पण लीग कोणाची, हा प्रश्न तेव्हाच सुटला नाही. चालवणार कंपनी, शिक्का फेडरेशनचा, तोटा क्लबांचा. पंधरा वर्षांनी काय होईल याचा विचार करायला पंधरा वर्षं होती.

त्याच वर्षांत मुंबईचे क्लब एकेक करून विझत गेले. हा क्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून लिहितो. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली होती, देशाचे चॅम्पियन. २००९ ला आपल्याकडे एनआरसीला टाळं लागलं, आणि पुढच्याच वर्षी, २०१० ला, महिंद्राने संघ बंद केला. शालेय फुटबॉलवर लक्ष देणार म्हणाले. (मोहन्यात त्या वर्षी कोणाला महिंद्राच्या संघाचं दुःख करायला वेळ नव्हता, ते वेगळं.) २०१३ ला एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आय-लीगमधून काढलं. कारण, आशियाई महासंघाचे क्लब परवान्याचे निकष पूर्ण होत नाहीत. निकष म्हणजे क्लब स्वतंत्र कंपनी हवा, युवा संघ हवेत, वगैरे. कागदावर बरोबर. पण नोकरी देणारे संघ बाहेर काढताना त्या पोरांनी जायचं कुठे, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. २००७ ला सुरू झालेली मुंबई एफसी २०१७ ला तळाला जाऊन खालच्या श्रेणीत गेली आणि संपली. पुण्यात तेच, पुणे एफसी गेली, शिवाजीयन्स गेली, सुपर लीगमधली पुणे सिटीही २०१९ ला गेली. गोव्यात तर २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीग सोडली, फेडरेशनच्या नव्या आराखड्यात आम्हाला जागा नाही म्हणून. गोव्याच्या तीन क्लबांनी एका वर्षात अंग काढून घ्यावं आणि फेडरेशनला झोप लागावी, हे मला आजही झेपत नाही.

या सगळ्या पडझडीतून चालत गेलेला एक माणूस म्हणजे खालिद जमील. खेळाडू म्हणून महिंद्रा, एअर इंडिया, परत महिंद्रा, मग मुंबई एफसी. कोच म्हणून २००९ ते २०१६ मुंबई एफसी. पैसे नसलेल्या संघाला दरवर्षी तळातून वाचवायचा. तिथून निघाला आणि २०१७ ला मिझोरमच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. १ ऑगस्ट २०२५ ला त्याला भारताचा कोच केलं, कित्येक वर्षांनी पहिला भारतीय. त्याच्या हातात संघ दिला कधी, तर लीग बंद, खेळाडूंना सामने नाहीत, पगार अडकलेले, तेव्हा. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून २-१ हरलो आणि २०२७ च्या आशिया कपची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने हरवलं, २००३ नंतर पहिल्यांदा. क्रमवारी १४२. लोकांनी जमीलला झोडलं. मी नाही झोडलं.

परत कोर्टाकडे येतो, कारण फेडरेशनचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास कोर्टातच घडलाय. राष्ट्रीय क्रीडा संहितेप्रमाणे अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं. फेडरेशनच्या निवडणुका या संहितेप्रमाणे होत नाहीत, म्हणून दिल्ली हायकोर्टात याचिका झाली आणि २०१७ ला हायकोर्टाने निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि माजी निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि जुने गोलकीपर भास्कर गांगुली यांना नवीन घटना लिहायला सांगितलं. मुदत डिसेंबर २०२० ला संपली. निवडणूक झाली नाही, कारण घटनेचं प्रकरण कोर्टात आहे. तारखा पडत राहिल्या, पदाधिकारी बसून राहिले. मे २०२२ ला कोर्टाने त्यांना बाजूला करून तिघांची प्रशासक समिती नेमली.

समितीची कल्पना होती की मतदारांमध्ये राज्य संघटनांइतकेच नामवंत माजी खेळाडू असावेत. फिफाला ते मान्य नव्हतं, मतं सभासद संघटनांचीच हवीत. ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केलं. कारण दिलं, तिसऱ्या पक्षाचा अवाजवी हस्तक्षेप. प्रशासक समितीने त्याआधीच कोर्टात अवमान याचिका टाकली होती की पटेल आणि राज्य संघटनांचे लोक पडद्याआडून हे घडवून आणत आहेत. पटेल तेव्हा फिफा कौन्सिलचे सभासद होते. खरं-खोटं कोर्टाने तपासायचं. माझा प्रश्न एवढाच की डिसेंबर २०२० पासून निवडणूक होत नव्हती तेव्हा फिफाचं निलंबन का आलं नाही?

निलंबन अकरा दिवसांचं होतं, पण त्या अकरा दिवसांत गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. हॉटेलात बसून होत्या आणि त्यांना सांगितलं गेलं की तुम्हाला खेळता येणार नाही. त्या न खेळता परत आल्या. त्यांचा या भांडणाशी काय संबंध होता? आणि त्याच वर्षी जानेवारीत महिलांचा आशिया कप आपल्या दारात होता. भारताच्या संघात कोरोना पसरला, डी. वाय. पाटीलवरचा तैपेईविरुद्धचा सामना झाला नाही, आणि यजमान देशच स्पर्धेतून बाहेर. ज्या वर्षी महिला फुटबॉल वर यायचं त्याच वर्षी हे दोन्ही.

कोर्टाने प्रशासक समिती बरखास्त केली, निलंबन उठलं, आणि २ सप्टेंबर २०२२ ला निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया, जो आपल्या पिढीने पोस्टर लावलेला खेळाडू. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, माजी गोलकीपर, भाजपचे नेते. निकाल ३३ विरुद्ध १. भुतियाला एक मत. स्टेडियममध्ये मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला नको. पण स्टेडियमला मत नाही. म्हणून मी त्या पोराला म्हटलं, खासदाराला पत्र लिही, पण एक पत्र राज्य संघटनेलाही लिही. तुझं मत कोणी दिलं, ते त्यांना विचार.

त्यानंतर "व्हिजन २०४७" आलं. त्यात २०४७ पर्यंत आशियातल्या पहिल्या चारांत यायचं लिहिलंय. तोवर मी पंच्याहत्तरीला आलेला असेन. दरम्यान राष्ट्रीय संघासाठी ज्योतिषाला सोळा लाख दिल्याच्या बातम्या छापून आल्या. यावर मी काही लिहीत नाही, तुम्हीच कमेंट करा.

लोक येत नाहीत म्हणून फुटबॉल मागे, असं फेडरेशनची बाजू घेणारे म्हणतात. जून २०१८ आठवा. अंधेरीला तैपेईविरुद्ध अडीच हजार प्रेक्षक होते. छेत्रीने हात जोडून व्हिडिओ काढला, शिव्या द्या पण मैदानात येऊन द्या, अशा अर्थाचा. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध तिकीट संपलेलं. आम्ही पाच जण आंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर. धो धो पाऊस, मैदानात पाणी, आणि भारत ३-०. कोणी उठून गेलं नाही. कोल्हापुरात जाऊन बघा, पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमभोवती गाडी लावायला जागा नसते. तालमींची नावं लावून खेळणारे संघ, पेठेतली माणसं, आणि मोठ्या करारातला एक रुपया नाही. लोक आहेत. मुंबई सिटीच्या वेस्ट ब्लॉक ब्लूजवाल्यांनी हंगाम नसतानाही गट टिकवून धरला, त्यांना विचारा.

आता पुढचं. १९ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने फेडरेशनची नवीन घटना मान्य केली. बारा वर्षांची मर्यादा, कार्यकारिणीत चौदा जण, त्यात पाच माजी खेळाडू आणि त्यांत किमान दोन महिला. फेडरेशनात पद असेल तर राज्य संघटनेत पद ठेवायचं नाही, असंही एक कलम आहे, आणि एक-दोन कलमांबद्दल फेडरेशन लगेच परत कोर्टात गेलं. का गेलं असेल याचा अंदाज करा. सध्याच्या कमिटीची मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे पुढची निवडणूक याच वर्षीची, आणि यावेळी मतदार यादीत खेळाडूही असतील.

त्या पोराने खरंच पत्राचा मसुदा केलाय. एक पान, मराठीत, विफाच्या नावाने, तीन प्रश्न आहेत. २०२२ ला आपल्या राज्याचं मत कोणाला गेलं, रोव्हर्स कप परत होणार का, आणि ठाणे जिल्ह्यात मुलींची लीग वर्षात किती दिवस चालते. सही करायची असेल तर रविवारी सकाळी मोहने नाक्यावर या, चहाच्या टपरीजवळ कागद ठेवलाय. आणि एनआरसीच्या किंवा रेल्वेच्या संघाचे जुने फोटो कोणाच्या घरी असतील तर खाली टाका, नावासकट. बऱ्याच जणांची नावं आता आपल्यालाच आठवत नाहीत.